पाण्याने पेटणारा खडा

आमची चुन्याची भट्टी आहे, तेव्हा दगडाच्या गोष्टी मला कोणी सांगू नयेत. पण माझे धाकटे दीर वेल्डिंगवाले, त्यांना गप्प बसवत नाही. परवा मी त्यांच्या दुकानात गेले, तर कार्बाइडचा करडा खडा डब्यात ठेवून म्हणाले, "वहिनी, यावर पाणी घातलं की जाळ होतो."

"भाऊजी, चुना दुसऱ्या कोणाला लावा. मी तो रोज विकते."

ते हसले नाहीत. डबा अंगणात नेला, मला लांब उभं केलं आणि खड्यावर पाणी ओतलं. पाणी खदखदलं, लसणासारख्या उग्र वासाचा गॅस सुटला. लांब काठीला बांधलेला पेटता बोळा त्यांनी जवळ नेला आणि पाण्यावरच पिवळी ज्योत उभी राहिली. पाण्याने आग विझते, एवढं तरी मी आयुष्यभर धरून चालले होते.

ज्योत गेली, डबा निवला. तळाशी पांढरा गाळ होता. मी चिमूटभर बोटांत चोळला. तो गुळगुळीतपणा मला झोपेतही ओळखू येईल.

"हा चुना आहे."

"असणारच. कारखान्यात चुना आणि कोळसा विजेच्या भट्टीत वितळवून हा खडा करतात. चुना तुमच्याकडूनच जातो."

म्हणजे आमचाच चुना, पोटात एवढी आग बाळगून परत आला होता, आणि पुन्हा पांढराशुभ्र.

दुसऱ्या दिवशी पोती भरताना मी फावडं हळूच टाकत होते.

"चुनाच आहे तो," नवरा म्हणाला, "त्याला लागत नाही."

"तुम्हाला काय माहीत," मी म्हटलं.