श्वासाच्या जागी इंद्रजीत मोबाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. माझ्या पोटात एक गाणं आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, बोट ठेवलं की मी गाऊ लागते.

माझा जन्म सोलापुरात महेश्वरच्या छोट्या स्टुडिओत झाला. ऊस तोडायला जाणाऱ्या जगदेवीने कोयत्याच्या ठेक्यावर मला जुळवलं होतं. मागे झील धरायला, म्हणजे ओळीचा शेवट उचलून गायला, तिची म्हातारी आई भिमाबाई उभी होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. ते पाहून भिमाबाई म्हणाली, "हितं कोंबड्या बी गात्यात व्हय?"

पहिली ओळ संपली. जगदेवीने श्वास घेतला आणि दुसरी ओळ उचलली.

"मावशी, मध्ये श्वास ऐकू येतोय," महेश्वर म्हणाला. "काढून टाकतो."

"ऱ्हाऊ द्या की. श्वास न घेता गानारी बाई बगितली का तुमी कुटं?"

श्वास राहिला. शेवटच्या कडव्यात, बायकांच्या जुन्या रीतीप्रमाणे, तिने आपलं नाव गुंफलं:

कुनी इचारलं गानं ह्ये कुनाच्या गं ओठातलं,
भिमाबाईच्या लेकीनं, जगदेवीनं गाइलं.

पेनड्राइव्हमध्ये बसून मी अकलूजला आले. तिथे इंद्रजीतचं मोबाईलचं दुकान होतं. जगदेवीच्या फोनमध्ये त्याने मला भरून दिलं. "लई झ्याक गानं हाय, मावशी," म्हणाला, आणि माझी एक प्रत आपल्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप ठेवून घेतली. मित्रांनो, ती प्रत म्हणजेच मी.

मग त्याने माझी जुळी बहीण तयार केली. तिला धडाधड ढोल जोडले. ट्रॅक्टरवाल्यांना लांबण नको म्हणून शेवटचं कडवं छाटलं. आणि जिथे जगदेवी श्वास घेते, तिथे स्वतःचा आवाज घातला. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक गाण्यावर तो असा शिक्का मारायचाच. बहीण गाऊ लागली:

ऊस तोडिते मी बाई – इंद्रजीत मोबाईल, जुन्या स्टँडसमोर, अकलूज! – पात्याला गं धार लई.

आम्ही जुळ्या. तिला उचकी लागली की मलाही – इंद्रजीत मोबाईल, जुन्या स्टँडसमोर, अकलूज! – लागते. सांभाळून घ्या.

बहिणीला त्याने परदेशातल्या एका संकेतस्थळावर चढवलं. ते धर्मशाळेसारखं होतं. कोणीही यावं, गाठोडं ठेवावं, लिंक घेऊन जावं. लिंक ज्याच्या हाती, त्याला गाठोडं मिळणार. गाठोड्यात काय आहे आणि कोणाचं आहे, हे धर्मशाळेचा मालक विचारत नसे. येणाऱ्याजाणाऱ्यांना जाहिराती दाखवून त्याचं छान चाललं होतं. तिथून बहीण नातेपुत्याच्या लग्नांत गेली, श्रीपूरच्या ट्रॅक्टरांवर चढली. सगळे नाचले. मी कॉम्प्युटरच्या अंधारात होते, पण सांगते, मला तिचा अभिमान वाटायचा.

एकदा कारखान्याच्या फाटकापाशी ट्रॅक्टरांची रांग लागली होती. रामहरी नावाच्या ड्रायव्हरने बहिणीला वाजवलं. जगदेवी मोळी टाकून धावली.

"ह्ये माजं गानं हाय की!"

"न्हाय, मावशी," रामहरी म्हणाला. "कुनाचं हाय ते गान्यातच सांगतंय की. नीट ऐका!"

सगळी रांग हसली. जगदेवीही हसली. पण गाणं संपलं तरी ती कान देऊन उभी होती. आपल्या नावाचं कडवं येईल, असं तिला वाटत होतं.

त्याच वर्षी भिमाबाई गेली. पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत राहून धुण्यात गेला. फोन बिघडला. महेश्वरने नवा कॉम्प्युटर घेतला, तेव्हा जुन्यातलं काहीच ठेवलं नव्हतं. बहिणीतली भिमाबाई ढोलाखाली पार दबली होती. आता तिची झील नीट ऐकू येईल अशी जागा जगात एकच होती – इंद्रजीत मोबाईल, जुन्या स्ट– थांबा. मीच ती.

आणि मग धर्मशाळेवर दावा झाला. गाण्यांच्या एका मोठ्या कंपनीने कोर्टाला सांगितलं, आमचं गाठोडं काढलं की हे लोक दुसऱ्या दिवशी तेच परत आत घेतात. कोर्टाने मालकाला बजावलं, यापुढे तपासून घ्या. तपासण्याच्या कटकटीपेक्षा त्याने गाण्यांची खोलीच रिकामी केली. त्यात माझी बहीणही पुसली गेली. कंपनीच्या गाण्यांसाठी कंपनी भांडली होती. बहिणीला कोणाची म्हणून कोणी ओळखलं नाही. तिच्या अंगावर तिच्या बाईचं नावच नव्हतं.

बातमी अकलूजला आली. इंद्रजीतला घाम फुटला. त्याची बायको आरोही म्हणाली, "चोर चोरी करून दुकानाचा पत्ता ठेवून जातो का कुठं? तुम्ही तर गाऊन सांगितलाय!"

त्याने कॉम्प्युटरमधली सगळी गाणी एकदम निवडली. त्यात मीही होते. बोट बटणाजवळ आलं, तेवढ्यात दारात जगदेवी उभी राहिली. बहिणीची लिंक आता उघडत नाही, हे तिला रामहरीनेच सांगितलं होतं.

"माजं पुरं गानं तुज्याकडं असंल तर दे, लेकरा. त्यात माजी आय हाय."

"मावशी, सगळं पुसतोय. पोलीस येतील!"

"माज्या गान्याची तक्रार मी केली, तर येतील. मी कुटं केलीया? पुसायच्या आदी एकदा वाजव."

इंद्रजीतने मला शोधून काढलं. बोट ठेवलं. मी गायले. झील आली तशी जगदेवीने काउंटर घट्ट धरला. मग शेवटचं कडवं आलं.

आरोहीने नवऱ्याकडे पाहिलं. "मावशींचं नाव होतं त्यात. आणि तुम्ही नेमकं तेच कापलं?"

"लांब होत होतं गं," इंद्रजीत पुटपुटला.

कंपन्यांची गाणी त्याने पुसली. मला ठेवलं, आणि मग जगदेवीच्या नावानेच, सरळ मार्गाने, पुन्हा जगात पाठवलं. गायिका जगदेवी, झील भिमाबाई. चढवताना त्याने हळूच विचारलं, "मावशी, अगदी शेवटी, बारीक आवाजात माजं...?"

"तुज्या दुकानाला पाटी हाय की!" जगदेवी म्हणाली.

मित्रांनो, मी आता सुखात आहे. फाटकापाशी रांग लागली की रामहरी मलाच लावतो, आणि जगदेवी येईपर्यंत कोणाला गाणं बदलू देत नाही. माझं एवढंच मागणं आहे. गाणं कुठूनही उचलू नका, आणि जे ऐकाल ते शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका. तिथे कोणीतरी आपलं नाव ठेवून गेलेलं असतं.

आणि हो, माझी उचकी थांबली. ऐका:

ऊस तोडिते मी बाई –

 

– पात्याला गं धार लई.

मध्ये ऐकलंत ना? ती जगदेवी आहे.