जिवंत माणसाचा फोटो चालत नाही

ऑक्टोबर संपत आला तरी इथला उकाडा हटत नाही. भोपळा कोरून दारात ठेवला की तिसऱ्या दिवशी त्याचं तोंड आत वळतं आणि चिलटं जमतात. दरवर्षी मी तो हौसेनं कोरते आणि दरवर्षी माझा नवरा, वेस, तो फावड्यानं उचलून टाकतो. तिकडे अमेरिकेत, नेब्रास्कात, माझी आई पायऱ्यांवर तीन भोपळे मांडायची. ते थँक्सगिव्हिंगपर्यंत तसेच्या तसे असायचे.

आई एप्रिलमध्ये गेली. मी तेव्हा डेंग्यूनं पडले होते. अंत्यविधी अंथरुणातून फोनवर पाहिला. चर्चमधल्या मागच्या बाकावर कुणीतरी फोन टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला मुख्यतः एका माणसाचं टक्कल दिसलं. शेजारच्या एलोदियाबाई पायाशी बसून मला चमच्यानं कोंबडीचं सूप भरवत होत्या. मी रडले नाही. सगळे म्हणाले, अंगात ताप आहे म्हणून. ताप उतरला तरी नाहीच.

माझी मुलगी मेबल तेव्हा साडेचार वर्षांची होती. दर रविवारी ती आजीशी फोनवर बोलायची. पहिल्या रविवारी मी म्हणाले, "आजीचा फोन बिघडलाय." दुसऱ्या रविवारीही तेच म्हणाले. पुढे पुढे तर मी नसलेल्या दुकानदाराला फोन लावून विचारायचे, "दुरुस्त झाला का हो?" आणि मेबलकडे बघून मान हलवायचे. वेस म्हणायचा, "कोरीन, सांगून टाक तिला." मी म्हणायचे, "उद्या." असे सहा महिने गेले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथं गेलेली माणसं घरी येतात असं मानतात आणि त्यांचे फोटो, खाणंपिणं मांडून वेदी सजवतात. एलोदियाबाई सप्टेंबरपासूनच मागे लागल्या होत्या.

"पोरी, आईचा फोटो आण. पहिलंच वर्ष तिचं. वेदीवर जागा धरून ठेवलीय, माझ्या नवऱ्याशेजारी."

"तिला स्पॅनिश येत नव्हतं, बाई."

"मग तर फारच छान. इतक्या वर्षांनी त्याला उलट न बोलणारी बाई मिळेल."

मी फोनमधला फोटो दाखवला, तर हात झटकून म्हणाल्या, "हे काय? तिच्यापुढे ताटलीत चार्जर वाढू? कागदावरचा आण."

कागदावरचा एकच होता. आईनं पोस्टानं धाडलेला. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलीय, मांडीवर वर्षाची मेबल, आणि मेबलच्या पोटावर आईचा पसरलेला हात.

एकतीस तारखेला सकाळी मी तो फोटो पंच्यात गुंडाळून शेजारी नेला. संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन गावात फिरणार होती. मेबल ऑक्टोपस होणार होती आणि एलोदियाबाईंची मुलगी यादिरा परसात तिचं तोंड रंगवत होती. म्हणजे तासभर तरी ती आत येणार नव्हती. फोटो वेदीच्या मागच्या पायरीवर, झेंडूच्या आड ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. मेबलला दिसला असता तर काय सांगणार होते, कोण जाणे.

बाई आत भोपळा गुळात शिजवत होत्या. बाहेरच्या खोलीत खोक्यांवर खोकी रचून, वर पांढरी चादर घालून वेदी तयार होती. पाण्याचा पेला, मिठाची वाटी, मेणबत्त्या, नवऱ्याचा फोटो आणि त्याच्यापुढे उघडलेली बिअर. मी आईचा फोटो ठेवला. जरा सरळ केला. काहीतरी वाटेल म्हणून थांबले. काही वाटलं नाही.

बाई डाव हातात घेऊनच बाहेर आल्या.

"अगं बाई! काढ! आधी काढ तो!"

"काय झालं?"

"यात मेबल आहे!" त्यांनी फोटो ओढूनच घेतला. "जिवंत माणसाला इथं ठेवतात का कुणी? बोलावणं धाडल्यासारखं होतं! सहा वर्षं झाली तुला इथं, आणि एवढंही कळू नये?"

"एकच फोटो होता माझ्याकडे."

"एकच होता म्हणून पोरीला वेदीवर बसवतेस!" त्यांनी छातीवर तीनदा क्रूसाची खूण केली आणि फोटोतल्या मेबलचं तोंड पदराएवढ्या मोठ्या ॲप्रननं पुसलं.

"माझा फोटो का काढला?"

मेबल दारात उभी होती. अर्धा चेहरा जांभळा, अर्धा तिचा. कमरेला कापूस भरलेले दोन हात लोंबत होते. बाकीचे सहा अजून परसातच असावेत.

मी काही बोलायच्या आधीच बाई म्हणाल्या, "कारण तू जिवंत आहेस, राणी. इथं फक्त गेलेल्यांना ठेवायचं."

हे मेबलला ठाऊक होतं. तिच्या बालवाडीत शिक्षिकेच्या मेलेल्या पोपटाची वेदी मांडली होती. ती फोटोकडे बघत राहिली.

"मग आजी?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना तेव्हा कळलं. सहा महिने मला हवं नको पाहणारी ही बाई, पण त्या क्षणी तिनं मला मदत केली नाही. डाव धरून नुसती उभी राहिली.

"आजी मेली, मेबल," मी म्हणाले. "एप्रिलमध्ये." दुकानात वस्तू संपल्याचं सांगतात, तसा माझा आवाज होता.

"आणि फोन?"

"फोन बिघडला नव्हता."

"मग तू कुणाला विचारायचीस, दुरुस्त झाला का?"

"कुणालाच नाही."

मग ती रडली. तोंड उघडून, आवाज यायच्या आधी खूप वेळ नुसतंच उघडून. आणि गेली ती एलोदियाबाईंकडे. जांभळा रंग त्यांच्या पोटावर उमटला. मी उभी होते. पंख्याचा वारा थेट मेणबत्त्यांवर येतोय हे माझ्या लक्षात आलं. मी पंखा फिरवला.

बऱ्याच वेळानं बाईंनी कात्री काढली. "दोघींना वेगळं करावंच लागेल," त्या म्हणाल्या. कात्री आईच्या मनगटापाशी अडली. "हा हात कुणाकडे जाणार?"

"माझ्याकडे," मेबल म्हणाली.

"बघ हं, बिनहाताची येईल तुझी आजी. तिला भोपळा मला भरवावा लागेल."

"मग भरवा!" मेबल नाक पुसत म्हणाली आणि तिला हसूही आलं. माझ्याकडे बघून मात्र नाही.

संध्याकाळी आठही हात लावून ती गावात फिरली, पण बोट वेसचं धरून.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाजारात गेलो. ती माझ्या चार पावलं पुढे. तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानात तिनं सांगितलं, "माझी आजी मेली."

"अगं बाई, कधी?"

मेबलनं माझ्याकडे पाहिलं. "एप्रिलमध्ये," मी म्हणाले.

मासेवाल्याला सांगितलं. त्यानं टोपी काढली. मी पुन्हा म्हणाले, "हो. एप्रिलमध्ये." टेकडीवरच्या वसाहतीतली एक अमेरिकन बाई थँक्सगिव्हिंगच्या टर्कीसाठी नावं लिहून घेत होती. मेबल तिला म्हणाली, "माझी आजी मेली आणि आईनं मला खोटं सांगितलं."

त्या बाईचं पेन थांबलं.

"हो, सांगितलं," मी म्हणाले. "आमची तीन माणसं धरा."

वेदीवर ठेवायच्या साखरेच्या कवट्या विकणारी म्हातारी चर्चच्या भिंतीला टेकून बसली होती. मेबलनं एक निवडली.

"कपाळावर काय लिहू?"

"आजी."

"आज्या काय, सगळ्यांनाच असतात. दुसरीच कुणीतरी येऊन उचलून नेईल. नाव सांग."

मेबलला नाव माहीतच नव्हतं. तिनं मागं वळून, कालपासून पहिल्यांदा, माझं बोट ओढलं. "आजीचं नाव काय होतं?"

"व्हर्ना," मी म्हणाले. स्वतःच्या आईचं नाव आपण कधी तोंडानं घेत नाही. मला ते अनोळखी वाटलं. "व्हर्ना जोसेफीन."

म्हातारीनं हिरव्या साखरेनं ते लिहिलं. वाळेपर्यंत आम्ही भिंतीच्या सावलीत थांबलो. मेबलनं बोट सोडलं नव्हतं.

"आणखी सांग."

"काय?"

"तिचं."



"तिला गाडी मागे घेता यायची नाही."

"कधीच?"

"कधीच. दुकान मागे राहिलं, तर अख्ख्या गावाला वळसा घालून परत यायची."