सहा टोकांचे तारे

सूर्य मावळला की शालिनीताई पांढऱ्या सुती साडीचा एक तुकडा दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बांधत, आणि बदलापुरातल्या मांजर्लीच्या आमच्या गच्चीवरचा उरलासुरला उजेड त्या कापडात येऊन थबके. ती साडी त्यांच्या आईची, विहारात वंदनेला नेसायची. दुर्बिणीला कॅमेरा लावून त्या कोऱ्या शुभ्रतेचे फोटो कशाला, असं मी पहिल्याच संध्याकाळी विचारलं होतं.

"कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ कुठे बसलीय ते कळतं रे. मग ती फोटोतून वजा करायची. आपलं खोटं आधी आपणच काढायचं."

त्यांची सारी नोकरी उल्हासनगरच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली होती. मी त्यांच्या खालच्या मजल्यावरचा, वयाने वीस वर्षांनी लहान, आणि त्यांचा शब्द न् शब्द खरा मानणारा.

आम्हाला हवी होती एकच दीर्घिका, सप्तर्षींतल्या मरीचीजवळची, भोवऱ्यासारखी. चैत्र-वैशाखात ती उत्तरेला चढे. आणि उत्तरेला अंबरनाथ, त्यापलीकडे उल्हासनगर, तिथल्या दिव्यांचा उजेड पातळ ताकासारखा आभाळभर सांडलेला. डोळ्यांना ती दिसणं अशक्यच. म्हणून एकेका मिनिटाचे शेकडो फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे; दिव्यांचा गढूळपणा हळूहळू बाजूला काढता येतो, खरं ते साचत जातं. तीन उन्हाळे आम्ही असे फोटो साचवले; त्यांची एक प्रत माझ्याकडे असे, रचायचं काम मात्र ताईंनी स्वतःकडे ठेवलं होतं. "वांगणीच्या पुढे अंधारात जाऊन काढा की," असं सोसायटीतले हसत सांगत, तेव्हा मला राग येई. मला ती इथूनच हवी होती. आपण राहतो ते आकाश अगदीच टाकाऊ नाही, एवढंच मला स्वतःला पटवायचं होतं.

दुर्बीण आम्ही घरी जुळवलेली. आतला छोटा आरसा धरणाऱ्या पट्ट्या उल्हासनगरच्या एका लेथवाल्याकडून करून घेतल्या होत्या. चार सांगितल्या होत्या, त्याने तीनच बसवल्या. "दीदी, तीन में भी पक्का बैठता है, चौथा कायको?" ताई चिडल्या, मग खूप हसल्या. त्या तीन पट्ट्यांमुळे आमच्या फोटोतल्या प्रत्येक ठळक ताऱ्याला सहा टोकं फुटत. चार पट्ट्या असत्या तर चारच फुटली असती. ती सहा टोकं म्हणजे आमची सही होती.

गेल्या वर्षी कुळगावच्या एका शाळेत प्रदर्शन भरलं आणि त्यात आमची दीर्घिका लागली. निळसर भुजा, तांबूस ठिपके, मधोमध दुधाळ तेज. खाली लिहिलेलं, 'बदलापूरच्या गच्चीवरून, तीन उन्हाळ्यांत', आणि दोघांची नावं. माझे डोळे भरून आले. शेजारच्या अनोळखी बाईंना मी सांगूनही टाकलं, हे आमचं आहे म्हणून. मग जवळ गेलो. कोपऱ्यातल्या ताऱ्याला टोकं होती चार. पुन्हा मोजली. चारच.

संध्याकाळी गच्चीवर विचारलं. ताई कापडाची गाठ सोडत होत्या. हात थांबले नाहीत.

"ओळखीतल्या एकाने डोंगरातल्या अंधारातून काढलाय तो. आपल्याकडून झालं नसतं रे."

"मग हे तीन उन्हाळे?"

"तू इतक्या हौसेने यायचास. आणि खाली तुझं नाव घातलंय ना मी?"

परक्या आकाशाखाली माझं नाव घातलं होतं, आणि ते मी लोकांना मिरवून दाखवलं होतं. पण त्याहून खोल लागलं ते दुसरंच. माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी एकटीनेच केव्हाच हार मानली होती, आणि मला कळूही दिलं नव्हतं. मी खाली आलो. त्यानंतर गच्चीवर गेलो नाही.

दिवाळीनंतर त्या मुलीकडे नाशिकला गेल्या. जाताना साडीचा तो तुकडा घडी घालून माझ्या दाराच्या कडीत अडकवून गेल्या.

यंदा पावसाळ्यात, रागाच्या भरातच, मी ते सगळे फोटो एकावर एक रचले. पडद्यावर करड्या धुक्यातून एक फिकट भुजा वळून आली, मग दुसरी. भोवती सहा टोकांचे तारे. झालं असतं, ताई. झालंच होतं, फक्त तुम्ही रचून पाहिलं नाही. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

त्या फोटोत एका बाजूला धुळीचं एक काळपट वर्तुळ आहे. ते वजा कसं करायचं हे मला त्यांनीच शिकवलं. पण तीन उन्हाळे रोज संध्याकाळी तिथे दोन माणसं एका कापडापाशी उभी होती, याची तेवढीच खूण काळाने मागे ठेवली आहे. म्हणून मी ते तसंच राहू दिलं.