चुलीची जागा

नव्या घरात कुणीतरी मुतून जातं, हे पुष्पाबाईला होळीनंतर कळलं.

घर नवं म्हणायचं, पण पुरं झालेलं नव्हतं. विटांच्या भिंती उभ्या होत्या, वर कवेलू चढले होते, दारांच्या चौकटीही बसल्या होत्या. पल्ले मात्र नव्हते. गिलावा नव्हता, खाली नुसती माती होती. पुष्पाबाई आणि तिचा नवरा तेजराम भावांतून वेगळे निघाल्यापासून मोठ्या दिराच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहत होते. बैलांच्या मुताचा वास तिच्या लुगड्यांना बसला होता. त्यामुळे रोज सकाळी खराटा घेऊन नव्या घरी जायचं, रात्री पडलेला कचरा झाडायचा आणि हंडे कुठे मांडायचे, जातं कुठे बसवायचं, हे ठरवत थोडा वेळ उभं राहायचं, हाच तिच्या दिवसातला सुखाचा भाग होता.

चुलीची जागा तिनं स्वतः आखली होती. मागच्या खोलीचा कोपरा, वर धूर जायला झरोका. त्या सकाळी नेमकी त्याच कोपऱ्यातली माती ओली होती आणि ओल कमरेएवढी भिंतीवर चढली होती. बाजूला बिड्यांची थोटकं, पानाच्या पिंका आणि माशांचे काटे पडले होते.

"पोट्टे असतीन गावातले," तेजराम म्हणाला. "उघडं घर दिसलं का घुसतात."

तिनं राख टाकली, पत्र्याच्या तुकड्यानं ओली माती खरवडली आणि टोपलीत भरून उकिरड्यावर नेऊन टाकली. चार दिवसांनी तेच. मग एक दिवसाआड. एका सकाळी कोपऱ्यात ओकारी होती, तिच्यात न चावलेला भात दिसत होता आणि मोहाच्या दारूचा आंबूस दर्प सगळ्या घरात भरला होता. पुष्पाबाईनं पदर नाकाला बांधून ती काढली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. हात राखेनं घासले, चिंचेनं घासले, तरी घास तोंडाशी नेला की वास यायचा.

काम अडलं होतं ते सिमेंटमुळे. ते एकोणऐंशी साल होतं आणि परमिटशिवाय सिमेंट मिळत नव्हतं. तेजरामनं आधी तुमसरच्या एका दलालाकडून काळ्या बाजारातल्या गोण्या आणल्या. त्यासाठी दुभती म्हैस विकली. जागेश्वर मिस्त्रीनं पुढच्या भिंतीला गिलावा केला आणि आठवड्यानं त्यावरून बोट फिरवलं, तर भिंतीवरून पीठ सांडावं तसा तो सांडला. गोण्यांत निम्मी राख होती. दलाल पुन्हा दिसला नाही. पल्ल्यांसाठी आणलेल्या फळ्या दिराच्या गोठ्यात रचून ठेवल्या होत्या, त्या खालून उधईनं पोखरल्या. उचलायला गेले तर वरचा पापुद्रा तेवढा हातात आला. मग जागेश्वरनं "सिमेंट आलं का बोलवजा" म्हणत आपली थापी उचलली आणि तो पवनीला दुसऱ्या कामावर गेला.

परमिटाच्या अर्जाला सरपंचाची शिफारस लागत होती. सरपंच भैय्याजी नात्यानं तेजरामचा दूरचा काका. त्याच्याकडे तेजराम हिवाळ्यापासून खेटे घालत होता. आज शिक्का नाही, उद्या वेळ नाही, परवा पाहू.

"त्यायलेच सांगा ना," पुष्पाबाई एकदा म्हणाली. "सरपंच हायेत. घरात घान करून राहिले लोक, एकदा दवंडी देल्ली त बंद होईन."

"एवढ्याशा गोष्टीसाठी त्यायले कायले तरास द्याचा?" तेजराम म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेला.

तिनं मग स्वतः बांबूची ताटी विणून घेतली आणि पुढच्या चौकटीला सुंभानं घट्ट बांधली. दुसऱ्या सकाळी ताटी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तोडलेली नव्हती. गाठी सोडून, सुंभाची नीट गुंडाळी करून शेजारी ठेवली होती. पोरं ताटी मोडतात, गाठी सोडत बसत नाहीत, एवढं तिला कळलं. पुढे काय समजायचं ते कळेना.

ते कळलं जिजाकडून. जिजा ढिवराची बाई, तलावातली मासोळी टोपलीत घेऊन घरोघर फिरायची. एका दुपारी ती गोठ्याच्या दाराशी टेकली आणि सहज म्हणाली, "बाई, कालची मरळ कशी लागली? चांगली मोठी होती."

"कोनची मरळ? आमच्याकडे महिना झाला मासोळी नाई रांधली."

"असं कसं? तेजरामभाऊ घेते ना माह्याकडून. सांजच्याले नव्या घरी आनून दे म्हनते. मले वाटलं, तुमी तिथंच रांधून राहिल्या."

पुष्पाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. जिजाला आपण काय बोलून बसलो ते उमगलं आणि ती टोपली डोक्यावर घेऊन घाईनं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुष्पाबाई नव्या घराकडे गेली. ताटी बाजूला होती. आत कंदील होता. ती चौकटीशी थांबली.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून चौघे पत्ते खेळत बसले होते. मध्ये भैय्याजी, धोतर मांडीपर्यंत वर घेतलेलं, बोटं रश्श्यानं पिवळी. त्यांच्यापुढे होत्या तिच्या पितळी थाळ्या. माहेराहून आलेल्या, तिच्या नावाच्या, सणावाराला चिंचेनं उजळून काढायच्या त्या. त्यांच्या काठांवर काटे थुंकून ठेवले होते. एका थाळीत कुणीतरी बिडी विझवली होती. आणि तेजराम तिच्याच पळीनं वाढत होता. उकिडवा बसून, ज्याची थाळी रिकामी होईल त्याच्याकडे सरकत होता.

भैय्याजी ढेकर देऊन उठले. ते बाहेर जातील असं तिला वाटलं. ते मागच्या खोलीत वळले, चुलीच्या कोपऱ्याशी उभे राहिले आणि धोतर बाजूला सारलं. तेजराम कंदील घेऊन त्यांच्या मागोमाग गेला, त्यांना दिसावं म्हणून.

"होऊन जाईन रे तुह्यं सिमेंट," भिंतीवर धार सोडत भैय्याजी मागे मान वळवून म्हणाले. "घाई नोको करू."

"हो जी," तेजराम म्हणाला. "तुमी म्हनान तवा."

कंदील त्यानं अगदी स्थिर धरला होता.

पुष्पाबाई आत गेली. चुलतसासऱ्यासमोर ती आजवर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय उभी राहिली नव्हती, आणि त्या दिवशीही पदर डोक्यावरच होता. तिनं एकेक थाळी उचलली आणि रश्श्यासकट चौकटीबाहेर रिकामी केली. कुत्री धावली. पत्ते खेळणारे हात वर धरून बसून राहिले.

"अरे, सूनबाई!" भैय्याजी धोतर सावरत बाहेर आले. "काय झालं वं?"

"ते माह्या चुलीची जागा होय," ती म्हणाली. "रोज सकाळी मी हातानं काढतो ते."

भैय्याजी हसले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "चूल कुठी हाये अजून? चूल मांडजो, मंग कोन येईन का? न झालेलं घर म्हनजे रानच होय, बाई." मग तेजरामकडे वळून, "समजाव हिले जरासं," असं म्हणून, वहाणा पायात सरकवून ते निघाले. बाकीचे तिघे त्यांच्या मागे निघाले. जाताना एकानं दारूची शिशी बगलेत मारली.

घरात दोघंच उरली. तेजराम अजून कंदील धरून उभा होता.

"सहीसाठी केलं," तो म्हणाला. "शौक नाई मले. घर पुरं व्हावं म्हनून. तुह्याचसाठी ना?"

"मी सकाळी काढत होती, तवा तुमाले मालूम होतं, कोनाचं होय ते?"

त्यानं कंदिलाची वात खाली केली.

"बोला ना. मालूम होतं?"

"होतं."

"मंग?"

तेजरामनं कंदील खाली ठेवला. "मले वाटलं," तो म्हणाला, "तू काढूनच घेशीन."

पुष्पाबाई थाळ्या तिथेच टाकून गोठ्याकडे परतली. तो मागून आला तेव्हा तिनं आपलं अंथरूण बैलांकडच्या भिंतीला नेऊन टाकलं होतं.

सकाळी ती कुदळ घेऊन नव्या घरी गेली आणि मागच्या खोलीची जमीन खोदायला लागली. थोड्या वेळानं जिजा आली, काही न विचारता टोपली घेऊन माती भरायला लागली. उन्हं वर आली तेव्हा तेजराम दारात येऊन उभा राहिला.

"कायले एवढं? वरून मुरूम टाकला असता."

पुष्पाबाईनं कुदळ त्याच्यापुढे धरली. "हा कोपरा तुमी खोदा."

त्यानं खोदला. वरची माती वाळलेली होती, खाली हातभर ती काळी आणि चिकट झाली होती. वैशाखाच्या उन्हात तापलेल्या कवेलूंखाली त्या मातीला जो दर्प सुटला, त्यानं जिजा पदर लावून बाहेर गेली. तेजराम थोडा वेळ खोदत राहिला, मग कुदळ टाकून मागल्या दारानं धावला. बाहेर त्याच्या ओकण्याचा आवाज येत राहिला. पुष्पाबाई थांबली नाही. तिनं त्याला पाणीही दिलं नाही. तो परत आल्यावर टोपली तेवढी त्याच्याकडे सरकवली.

जागेश्वर मिस्त्रीला निरोप गेला. त्यानं कोपऱ्यातल्या विटांवर नख ओढून पाहिलं. "खालच्या विटा खराब झाल्या, बाई. यायले खार चढला. यायच्यावर काहीच टिकनार नाई."

"काढून टाका."

"लावाच्या कशात? सिमेंट आलं का?"

"चुन्यात लावा. सिमेंटाच्या आधी लोकं घरं बांधतच नव्हते का?"

चुना आणि विटांचा भुगा यांसाठी पुष्पाबाईनं गळ्यातली एकदाणी मोडली. तेजराम एकदा म्हणाला, जरा थांबलो तर शिफारस मिळेल, मी पुन्हा जाऊन पाहतो. पितळी थाळ्या तिनं पवनीच्या बाजारात भांडेवाल्याच्या तराजूत घातल्या आणि त्यांच्या बदल्यात पातळ, हलक्या स्टीलच्या थाळ्या घेतल्या. भांडेवाला म्हणाला, बाई, असं पितळ आता मिळत नाही. ती म्हणाली, मालूम आहे. पल्ले साध्या आंब्याच्या लाकडाचे झाले, आणि कडी बसली त्या दिवशी, जमीन ओली असतानाच, ती आपली पेटी आणि अंथरूण घेऊन नव्या घरात राहायला आली. तेजरामही आला. तो येऊ नये असं तिनं म्हटलं नाही. ये असंही म्हटलं नाही.

पावसाळ्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचं वारं सुरू झालं आणि भैय्याजीची शिफारस एका माणसाच्या हाती आपण होऊन घरी आली. परमिट मिळालं, गोण्या आल्या. तेजरामनं त्यातून घरापुढच्या उघड्या छपरीची जमीन केली, गुळगुळीत, लाल रंग घोटलेली. लोक पाहायला आले. मागच्या खोलीत मात्र पुष्पाबाईनं सिमेंटचं घमेलं येऊ दिलं नाही. तिथं तिनं पांढरी माती कुटून बसवली होती, ती शेणानं सारवली होती.

धान कापून झाल्यावर वास्तूचं जेवण घातलं. भैय्याजीला बोलवायचं नाही, असं तिनं एकदाच सांगितलं होतं. तेजराम स्वतः जाऊन अक्षत देऊन आला. पंगत छपरीत बसली आणि मधल्या पाटावर भैय्याजी बसले. पुष्पाबाई भाताची परात घेऊन वाढत निघाली. भैय्याजीच्या पत्रावळीशी आली आणि थांबली, मग पुढच्या पत्रावळीवर भात घातला. सगळ्यांनी पाहिलं. तेजराम धावत आला, परातीतला भात त्यानं हातानंच उचलून भैय्याजीला वाढला, मग वरण, मग तूप.

भैय्याजींनी ते खाल्लं. पुन्हा मागून घेतलं. बोटं चाटली, आणि लाल फरशीवरून हात फिरवत म्हणाले, "आता झालं घर."

त्यांच्या तोंडावर लाज शोधत पुष्पाबाई आतल्या दाराआड उभी होती. त्या तोंडावर तुपाचा ओघळ होता आणि भाताचं शीत होतं. ती वळली.

नंतर गावात बोललं गेलं की तेजरामची बायको फार मिजासखोर आहे, ज्यानं सिमेंट दिलं त्यालाच पंगतीत उपाशी ठेवायला निघाली. जिजानं एकदोघींना खरं काय ते सांगितलं. त्या हसल्या, तोंडावर पदर धरून, आणि लवकरच विसरल्या. भैय्याजी पुन्हा निवडून आले.

तेजराम त्या घरात छपरीत जेवतो. पहिल्या दिवशी तो मागच्या खोलीत पाट घेऊन बसायला गेला होता, तर पुष्पाबाईनं त्याची थाळी उचलून बाहेर नेऊन ठेवली. ती रागावली नव्हती. पौषात थंडी पडली तेव्हा एका संध्याकाळी तो दारात उभा राहून म्हणाला, "चुलीपाशी बसू का जरासं? हात गारठले."

तिनं निखारे घमेल्यात ओढले आणि घमेलं उंबऱ्यापलीकडे सरकवलं.

"घ्या. तिथंच शेका."

तो खाली बसला आणि हात शेकू लागला. तिनं भाकर उलटली.