पाटल्या कुणाच्या
धारूरच्या पेठेत आसाराम कापडवाल्याने भर दुपारी दुकानात समई लावली, तेव्हा रस्त्यावरची माणसं थबकली. कुणी काही विचारलं नाही. व्यापाऱ्याने दिवसाढवळ्या दिवा लावला म्हणजे दिवाळं निघालं, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गादी उलटी टाकायची, दिवा लावायचा, किल्ल्या उंबऱ्यावर ठेवायच्या आणि मागल्या दाराने घरात निघून जायचं, अशी रीत. आसारामने सगळं रीतीने केलं. मग घरात बसून तो फटीतून दिव्याकडे बघत राहिला. वाईट वाटायला हवं होतं. त्याच्या मनात एवढंच आलं, की तेल उगाच जळतंय.

त्याला बुडवलं प्लेगाने. लागोपाठ दोन साथी आल्या, गाव माळावर झोपड्या घालून राहिलं आणि बंद दुकानातल्या ताग्यांना वाळवी लागली. लग्नसराईचं कापड ज्यांनी उधारीवर नेलं होतं, त्यांतले बरेचजण ते नेसायला उरलेच नाहीत. मेलेल्याच्या दारात वसुलीला कोण जाणार? जाणारे जातात म्हणा. आसारामला ते जमलं नाही. पण बार्शीहून माल भरायला ज्यांनी त्याला पैसा दिला होता, ते भगवानराव असल्या हळवेपणात पडणारे नव्हते. तीन गावांत जमीन असलेला माणूस हळवा राहिला तर तीन गावांत जमीन होत नाही.

दिवा लावला की सुटलो, असं आसाराम धरून चालला होता. त्याच्या बापाच्या काळी तसंच होतं. पंच बसायचे, उरलंसुरलं वाटून घ्यायचे आणि माणसाला मोकळं करायचे. भगवानरावांनी पंच बोलावले नाहीत. बीडच्या अदालतीत दावा ठोकला आणि निरोप धाडला, की पैसे टाक, नाहीतर दिवाणी जेलात बस. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण कोर्टच घराची पायरी चढून आलं तर शहाण्याने काय करावं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

म्हणून तो वकील शोधायला बीडला निघाला. बायकोला, चंद्रभागाबाईला, त्याने सांगितलं, "बीडचं काम झालं की निकाल लागस्तोवर तुला लिंबागणेशला सोडतो. म्हायेरी ऱ्हा." तिने गाठोडं बांधलं आणि गाडीत बसली. वाटभर दोघं बोलली नाहीत. गाडीवान सटवा तेवढा बैलांशी बोलत होता.

बीडचा पहिला वकील भगवानरावांचाच निघाला. त्याने पाणी मात्र विचारलं. दुसरा रुमी टोपीवाला, बोलणं साखरेत घोळलेलं. सगळं ऐकून घेऊन त्याने आधी फी मागितली.

"साहेब, माजं दिवाळं निघालंय," आसाराम म्हणाला.

"म्हणूनच आधी," वकील गोड हसून म्हणाला.

दिवाळं काढायलाही गाठीला पैसा लागतो, हे आसारामला त्या दिवशी कळलं. दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर शिव्या दिल्या असत्या. आसाराम नुसता जिना उतरला. आपल्याला काहीच वाटत नाही, याची त्याला जराशी भीती वाटली, पण तीही लवकरच गेली.

तिसरे मोहनराव, बिंदुसरेच्या काठच्या गल्लीत राहणारे. फीचं नंतर बघू म्हणाले आणि अडकित्त्याने सुपारी कातरत विचारायला लागले.

"दिवाळखोरीची दरखास्त देता येईल. अदालतीतल्या मुन्सफाने मानली तर जेल टळेल. पण आत-बाहेर काही लपवलेलं चालत नाही. दिवा लावायच्या आधी कुणा एकाला काही दिलंत का?"

"दिलं. दिंद्रुडच्या साखराबाईला."

"ती कोण?"

"इधवा हाय. दूध इकून लेकीच्या लग्नाला साठवलेलं माज्यापाशी ठिवलतं. कागद न्हाई, नुसता शबुद. म्या म्हनलं, कागदवाल्याला सरकार हाय, तिला कोन हाय? म्हनून तिचं आदी भागवलं. रोकड नव्हती, सोन्याच्या पाटल्या दिल्या."

मोहनरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "पुण्य केलंत आणि पायावर धोंडा पाडून घेतलात. कागद नाही म्हणजे अदालतीच्या लेखी ठेवच नाही. दिवाळ्याच्या तोंडावर तुम्ही घरातलं सोनं बाहेर काढलंत, एवढंच मुन्सफाला दिसणार. दरखास्त फेटाळली जाईल, तुम्ही आत जाल आणि पाटल्या त्या बाईकडून ओढून आणतील."

"सांगितलंच न्हाई तर?"

"शपथेवर खोटं बोलायचं असेल तर दुसरा वकील गाठा."

आसाराम ऐकत होता. दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय आणि आपण साक्षीला बसलोय, असं त्याला वाटत होतं. साखराबाईच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, हे मात्र त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

"पाटल्या कुणाच्या होत्या?" मोहनरावांनी विचारलं.

"घरच्या."

"घरच्या म्हणजे? तुम्ही घडवल्यात की बाईंच्या माहेरच्या?"

"म्हायेरच्या. सासऱ्यानं लग्नात घातलत्या."

मोहनराव सरसावून बसले. "मग असं सांगा की! ते स्त्रीधन. त्यावर भगवानरावांचा काडीचा हक्क नाही. बाईंनी स्वखुशीने दिल्या असतील तर साखराबाईला कुणी हात लावत नाही आणि तुम्हालाही दोष नाही. त्यांनी तेवढं सांगितलं की झालं. कुठे आहेत बाई?"

"भाईर, वट्यावर," आसाराम म्हणाला. ती विहिरीवर गेली असताना त्याने पेटी उघडली होती. चोरी करतोय असं त्याला वाटलं नव्हतं. बायकोची वस्तू आपलीच, तिला काय विचारायचं? संध्याकाळी तिने पेटी बंद केली आणि भाकरी थापायला बसली. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलत होती आणि हे त्याच्या आत्ता लक्षात येत होतं.

चंद्रभागाबाई आत येऊन उंबऱ्याशी बसली. डोक्यावरचा पदर तिने सारखा केला.

"बाई, साखराबाईला पाटल्या तुम्ही दिल्यात?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"न्हाई," ती म्हणाली.

मोहनरावांची लेखणी थांबली.

"मी हिरीवर गेलते. माघारी आले तर पेटी उगडी. मला कुनी इचारलं न्हाई." आवाजात राग नव्हता. "साखराबाई आमच्याच वट्यावर बसायची. पोरीचं तुमच्या हवाली हाय, म्हनायची. ह्यांनी इचारलं आसतं तर म्या माज्या हातानं काडून दिल्या आसत्या. पन इचारलं न्हाई. आज पतुर न्हाई."

मोहनराव हळू म्हणाले, "मग मी काय लिहू?"

"खरं हाय ते लिवा. तवा न्हवत्या दिल्या, आज देते. चालतंय का तसं?"

मोहनरावांनी विचार केला. "चालेल. वस्तू तुमची, कबुली तुमची. मुन्सफ मानील असं वाटतं. पण समोरचा वकील एक विचारणारच. न विचारता नेल्या, तर नवऱ्याविरुद्ध तुमची काही तक्रार आहे का?"

"हाय," चंद्रभागाबाई म्हणाली. "पन ती अदालतीला कावून सांगू?"

मोहनरावांनी बाकीचं लिहून काढलं, वाचून दाखवलं आणि तिचा अंगठा घेतला. साखराबाईच्या लेकीचं लग्न आता मोडणार नव्हतं. जेलही बहुतेक टळला होता. आसारामला हायसं वाटायला हवं होतं. त्याला नुसता तिचा शाईने काळा झालेला अंगठा दिसत होता. ती तो पदराला पुसत होती.

बाहेर सटवाने गाडी जुंपली. गाठोडं उचलून देताना आसाराम थांबला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे बोलणं त्याच्या तोंडाला नवं होतं.

"तुला काय वाटतं?" तो म्हणाला. "लिंबागणेशला जायचं, का घरी येतीस?"

तिने खरंच विचार केला, ते त्याला दिसलं.

"लिंबागणेशला," ती म्हणाली.

ती गाडीत चढली आणि सटवाने बैलांना हाक दिली. आसाराम बीडच्या भर रस्त्यात उभ्याउभ्या रडला. येणारीजाणारी माणसं बघत होती, आणि त्याला तोंडावर उपरणं घ्यायचंही सुचलं नाही.