काळ्या रंगाची चकाकी

"अहो, परत घासलीत?" मी दारातूनच ओरडले.

"शेपटाकडे ओघळ आला होता," हे मान वर न करता म्हणाले.

"कुठे आला होता? काल मला हात फिरवायला लावलात. लोण्यासारखी झाली म्हणालात."

"काल दिसला नव्हता."

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं, त्यावर पुट्टीचे डबे, थिनरची बाटली, पाण्याचा पॉलिश पेपर आणि मधोमध ती. अडीच हात लांबीची लाकडी पाणबुडी. सुताराने सांगाडा हुबेहूब उतरवून दिला होता, रंग तेवढा यांच्याकडे होता. टेबल गेल्यापासून आम्ही दोघं ताट मांडीवर घेऊन जेवत होतो आणि भाजीलासुद्धा थिनरचा वास येत होता.

हे जन्मभर गाड्या रंगवत आले. गॅरेजमध्ये यांना सगळे आरसेवाले म्हणत. ठोकून आणलेली गाडी यांच्या हातून गेली, की मालकाने तिच्या दारात बघून भांग पाडावा. आमचा मुलगा लहानपणी शाळेतून थेट गॅरेजात जायचा आणि ताज्या पॉलिश केलेल्या प्रत्येक दारासमोर उभा राहून स्वतःलाच वेडावायचा. हे ओरडायचे, "हात लावशील तर बघ!" तो हात लावायचा नाही. जीभ मात्र पुरती बाहेर.

पुढे तो पाणबुडीवर गेला. एका फेरीला पाणबुडी खाली गेली ती वर आलीच नाही. शोध शोध शोधली. मग गणवेशातली दोन माणसं घरी आली आणि खुर्चीच्या कडेवर बसून शोध थांबवल्याचं सांगून गेली. दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. ज्याला शेवटचं बघितलेलं नाही तो गेला, असं मन म्हणत नाही. अजूनही जिन्यात कुणाचे जड बूट वाजले की माझा हात आधी केसांकडे जातो.

पाणबुडी रंगवायचं काम आणलं आचाऱ्याने. त्याच बोटीवर स्वयंपाक करायचा तो. त्या फेरीच्या आधी तापाने फणफणला म्हणून त्याला जमिनीवर ठेवलं. खलाशांच्या सभागृहात बोटीची प्रतिकृती ठेवायची, रविवारी सगळ्या घरची माणसं येणार, असं ठरवून त्यानेच खटपट केली. "काकांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही," म्हणाला.

आणि काका काही ती पुरी करेनात! रंग मारायचा, वाळला की पॉलिश करायचं, तासभर तिच्याकडे टक लावून बसायचं आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी खोट काढून घासून टाकायची. एकदा तर मोरीतला हौद भरून त्यात ती अख्खी बुडवून घासायला निघाले. माझ्या तोंडून काय निघालं ते मलाच कळलं नाही, पण शेजारीण धावत आली. त्यानंतर ओल्या फडक्याने घासायला लागले. फडकं पिळलं की काळं पाणी निघायचं आणि ते मी मोरीत ओतायची. मला ती घरातून जायला हवी होती, खरं सांगते. घरात तिची सावलीसुद्धा नको झाली होती.

"रविवारी काय, नुसता सांगाडा देणार आहात का?" त्या दिवशी मी विचारलं.

यांनी रंगाचा डबा उघडला. मग घासून झालेल्या शेपटावर पुन्हा रंग मारला. दुपारभर वाळवला, संध्याकाळी पॉलिश करून मऊ फडक्याने पुसला. पुसता पुसता म्हणाले, "अगं, इकडे ये. वाक जरा."

"कंबर धरलीय माझी."

"धरू दे. इथे ये. माझ्या खांद्याला लागून. अजून. हं. आता बघ."

मी बघितलं. त्या गोल, काळ्या, चकचकीत अंगात आमची दोन तोंडं वाकडी होऊन एकमेकांत मिसळली होती. सुरकुत्या कुठल्या कुठे गेल्या होत्या. डोळे माझे आले होते, नाक यांचं. आणि आतून तो बघत होता.

मी झटकन मागे झाले. "हे काय भलतंच! बंद करा, पुसा ते!" असं काहीसं ओरडले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. थोड्या वेळाने नळ बंद केला आणि आपणहून परत येऊन वाकले. यांनी जरा सरकून मला जागा दिली.

ओघळबिघळ काही नव्हता. रंग पुरा झाला की बोट जाणार होती, म्हणून तो पुरा होत नव्हता.

शुक्रवारी आचारी आला. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच टेबलाशी गेला आणि तिथेच थांबला.

"काका, ही तर नवरीला आणायला निघालेल्या गाडीसारखी झालीये."

"मग? वाईट झालीय?"

"छान झालीय हो. पण पाणबुडी चकाकत नसते. अगदी मंद, तव्याच्या पाठीसारखी असते. चकाकली तर दिसेल ना कुणाला. दिसू नये म्हणून तर सगळा खटाटोप."

माझा तोल गेला. "इतकी लपवलीत," मी म्हणाले, "की तुमची तुम्हालाच सापडली नाही!"

आचाऱ्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मी त्याच्यापुढे चहा ठेवला, तो त्याने घेतला नाही. जिभेला हाड नसतं माझ्या. याने काय केलं होतं बिचाऱ्याने, ताप आला एवढंच.

मग तो म्हणाला, "काकू, मला ती झोपेत येते. वरचं झाकण उघडं असतं आणि आतून मला हाका मारतात, आज जेवायला काय आहे म्हणून. तुमचा तर सगळ्यात मोठ्याने. ती बोट मी अंधारातही ओळखतो. ही मला ओळखू आली नाही हो."

हे उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "रविवारी ओळखशील."

तो गेल्यावर मी यांच्या मागे लागले. इतके दिवस संपवा संपवा म्हणणारी मी, आता म्हणत होते, "अहो, राहू द्या ना अशीच. कोण बघतंय बारकाईने? दुसरी करून द्या त्यांना. ही आपल्याला ठेवू."

"अगं, तो गेला ती बोट ही नाहीच," हे म्हणाले. "मी आपली गाडी रंगवून बसलो." आणि चष्मा काढून पुसायला लागले. "त्याची बोट कशी होती हे मला आचाऱ्याने सांगावं लागलं."

सकाळी यांनी बिनचकाकीचा मॅट रंग आणला. बोट उलटी करून पोटाला बराच वेळ टेप लावत बसले. खालच्या टेकूंना रंग चिकटू नये म्हणून असेल, असं मला वाटलं. मग ती सुलटी ठेवून मला म्हणाले, "बघून घे एकदा."

आम्ही दोघं वाकलो. मी मनातल्या मनात त्याच्याशी काय बोलले ते सांगणार नाही. मग यांनी मला बाजूला केलं आणि स्प्रे गन उचलली. गनचा हात आयुष्यात कधी हलला नव्हता, त्या दिवशीही हलला नाही. टोकापासून शेपटापर्यंत एकसारखा फवारा गेला आणि तो जाईल तिथे चकाकी विझत गेली. फवारा मधे आल्यावर मी डोळे मिटले. उघडले तेव्हा एक काळी, मुकी, परकी वस्तू टेबलावर होती. मला रडू फुटलं. हे गन धूत राहिले, फार वेळ, स्वच्छ झाल्यावरही.

रविवारी सभागृहात ती उंच चौथऱ्यावर दोन लाकडी टेकूंवर ठेवली. एका घरची म्हातारी आई आली आणि तिने बोटीवरून नुसता हात फिरवला. कुणाचा तरी लहान भाऊ कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. आचारी सगळ्यात शेवटी आला. लांबूनच थांबला, ओठ घट्ट दाबले आणि यांच्याकडे बघून मान हलवली. हे खुलले नाहीत की काही नाही. मला मात्र त्या मंद काळ्या रंगाकडे बघवेना. त्यात सभागृहातले दिवेसुद्धा दिसत नव्हते.

माणसं चहाकडे वळली तेव्हा यांनी माझं कोपर धरलं. "वाक जरा."

"आता कशाला?"

"वाक तर."

चौथऱ्याला धरून मी कशीबशी वाकले, हे माझ्या खांद्याला लागून. दोन टेकूंच्या मधे, बोटीच्या पोटाला, वरून कुणाच्याही नजरेला येणार नाही अशा जागी, तळहाताएवढा तुकडा यांनी चकचकीत ठेवला होता. टेप लावला होता तो याच्यासाठी.

डोळे माझे, नाक यांचं. मी जीभ बाहेर काढली.

"काही पडलं का हो?" मागून सभागृहाच्या व्यवस्थापकांनी विचारलं.

"नाही, नाही," हे म्हणाले. "उठतोच आहोत."

पण आम्हाला उठायला बराच वेळ लागला.