एका चाकाची गाडी

टक्. चार्जरचा आवाज झाला आणि हिरवा दिवा लागला. ओवी दुपारची झोपली होती, घर गप्प होतं, आणि मी ओट्यापाशी हातात पाना धरून श्वास रोखून उभी. तिने कूस बदलली, पण उठली नाही. मी बॅटरी उचलली आणि पाय न वाजवता गॅरेजमध्ये गेले.

परदेशात, इथे टाकानिनीत आल्यापासून माझी सगळी कामं अशी चोरून होतात. चाकणला मी इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरी तपासायचे. इथे मी ओवीची आई. त्यात सुख आहेच, खोटं कशाला बोलू. पण कुणी "तू काय करतेस?" विचारलं की माझा नवरा शंतनूच घाईने सांगायचा, "जुई इंजिनिअर आहे," आणि मी उगाच दुसरीकडे बघायचे.

मग शेजारच्या ग्रॅहमचा गुडघा बदलला. ग्रॅहम सत्तरीचा, आयुष्यभर हरणांच्या शिकारीला जाणारा. त्याचा एक नियम होता: जे मारलं ते सगळं खाली आणायचं, डोंगरात काही टाकून यायचं नाही. आता पाठीवर ओझं घ्यायची मनाई, म्हणजे शिकारच बंद. त्याने दोन चाकांची ढकलगाडी आणून पाहिली, ती पायवाटेवरच्या नेच्यांच्या झाडांत अडकून बसली.

"तुमच्या पॅसेजहून अरुंद वाट आहे ती," तो कुंपणावरून म्हणाला. "रायफल विकून टाकतो झालं."

"थांब जरा," मी म्हटलं. का म्हटलं, कुणास ठाऊक.

एकच चाक, मधोमध. त्यात जुन्या ई-बाइकची मोटर. दोन्ही बाजूंना, गाढवाच्या पाठीवर टाकतात तशा, खोल पिशव्या. चढावर मोटर ढकलणार आणि उतारावर तीच गाडीला आवरून धरणार. मला धास्ती होती ती उताराची. भरलेली गाडी सुटली, तर तो नवा गुडघा तिला थोपवू शकणार नव्हता.

"आपल्या घरात अंड्याचा पॅनसुद्धा वेगळा," शंतनू म्हणाला, "आणि तू हरणं वाहायची गाडी करतेस."

"मी ग्रॅहमचं ओझं वाहायची गाडी करतेय. तो दहाचा पाना दे."

शनिवारी आम्ही सगळे 'ते कुइती' नावाच्या गावापलीकडे, ग्रॅहमच्या मेव्हण्याच्या फार्मवर गेलो. पायवाट जिथे रानात शिरते तिथे मी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चंदनाची उदबत्ती चांगली तीनदा ओवाळली. नवी गाडी पूजेशिवाय कशी सोडायची? ओवीने डोळे मिटून नमो केलं. ग्रॅहम टोपी काढून शेवटपर्यंत उभा राहिला. मग त्याने हवा हुंगली.

"जुई," तो अगदी हळू म्हणाला, "आपण आलोय हे आता दरीतल्या प्रत्येक हरणाला कळलंय."

शंतनू तोंड फिरवून हसत होता. मी गाडी ओढ्याच्या पाण्याने घासली, चंदनाचा वास काही जाईना. ग्रॅहमने बोट ओलं करून वारा पाहिला. "पलीकडच्या कड्यावरून वळसा घालतो. वाट जास्त उभी आहे. तुझ्या गाडीचा कस लागू दे."

म्हणजे माझ्याच उदबत्तीने उतार वाढला.

तो आणि मेव्हणा गेले. आम्ही खाली थांबलो. थालीपीठ खाऊन झालं. मग दूर एकच आवाज झाला, आणि ओवीने माझा हात धरला. त्यानंतर बराच वेळ फक्त पक्षी. मी मनात तो ब्रेक पुन्हापुन्हा लावत होते.

आणि मग मला ती गुणगुण ऐकू आली. उतारावर वजन धरून ठेवणाऱ्या मोटरचा आवाज. चाकणला मी तो डोळे मिटून ओळखायचे. "आली," मी म्हटलं. शंतनूला अजून काहीच ऐकू येत नव्हतं.

नेचे हलले. आधी चाक दिसलं, चिखलाने माखलेलं, मग गच्च भरलेल्या पिशव्या, आणि मागे ग्रॅहम, एका हाताने दांडा धरून, लंगडत नाही, चालत. मेव्हणा रिकाम्या हातांनी मागून येत होता.

"मी फक्त हात लावून होतो," ग्रॅहम म्हणाला. "सगळं आलंय, काही टाकलेलं नाही." मग मेव्हण्याकडे वळून, "ही जुई. हिने बनवली. इंजिनिअर आहे."

या वेळी मी दुसरीकडे बघितलं नाही. "हो," मी म्हटलं. "आहे."

ओवी गाडीभोवती फिरत होती. पिशवीच्या तोंडातून तपकिरी केसांची एक कड दिसत होती. तिने बोटाने ती हळूच कुरवाळली. एरवी मला इंग्रजीत उत्तरं देणारी माझी लेक तेव्हा मराठीत बोलली.

"आई, आपण गाडीला नमो केलं ना? मग हरणाला का नाही केलं?"